जूनमध्ये खोला, जुलैत बसवा : ओबीएमच्या (होडीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड मोटरच्या) पाण्याच्या पंपाचा इम्पेलर घरच्या घरी बदलण्यासाठी

दरवर्षी ऑगस्ट लागला की आमच्या दुकानात पहिला आठवडा एकच वाक्य ऐकू येतं, "भाऊ, धार येत नाय." पावसाळी मासेमारीची बंदी उठलेली असते, बर्फ भरून झालेला असतो, खलाशी धक्क्यावर उभे असतात आणि दोन महिने झाकून ठेवलेलं आउटबोर्ड सुरू केल्यावर इंजिन गार ठेवणारं पाणी मागच्या छिद्रातून पडतच नाही. अशा वेळी वेसाव्याहून, मढहून, वरळीहून, माहुलहून सगळे एकदमच येतात. आमच्याकडे कामाला हात मोजकेच आहेत, त्यामुळे कोणाची ना कोणाची पहिली फेरी बुडते. ती बुडू नये म्हणून हे पत्रक.

हे पाणी वर ढकलणारा इम्पेलर बदलायचं काम आम्ही करतो आणि त्याची मजुरीही घेतो. तरीही आमचं स्पष्ट मत आहे की, ज्याला पाना धरता येतो त्या प्रत्येक नाखव्याला हे काम स्वतः जमलं पाहिजे. किनारा दिसेनासा झाल्यावर इंजिन तापलं तर तिथे मेकॅनिक येत नाही.

आत काय चालतं

पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) वर, उभ्या शाफ्टवर, रबराचं एक चाक बसवलेलं असतं. तोच इम्पेलर. त्याला बहुतेक वेळा सहा पाती असतात. ज्या स्टीलच्या वाटीत तो फिरतो तिचा मध्य आणि शाफ्टचा मध्य एक नसतो, मुद्दाम बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे एका बाजूला जागा ऐसपैस आणि दुसरीकडे चिंचोळी. पातं मोकळ्या बाजूला उघडतं तेव्हा पाणी आत ओढलं जातं आणि अरुंद बाजूला दबतं तेव्हा तेच पाणी नळीतून वर इंजिनाच्या डोक्याकडे ढकललं जातं. इंजिन जोरात फिरू लागलं की पाती भिंतीपासून थोडी सुटतात आणि पाणी नुसत्या फिरण्याच्या वेगाने फेकलं जातं. म्हणून झिजलेला इम्पेलर पळताना काम भागवतो, पण जाळं ओढताना, हळू चालीवर, दगा देतो. धार फक्त हळू चालताना बारीक होत असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

या रबराला वंगण पाण्याचंच. कोरडं इंजिन "जरा सुरू करून बघतो" म्हणून काही सेकंद फिरवलं तरी पात्यांची टोकं जळतात. दुसरा शत्रू आपल्या खाड्यांचा गाळ. ओहोटीला पाणी उतरलेलं असताना मालाडच्या किंवा ठाण्याच्या खाडीतून इंजिन रेटलं की रेती-चिखल पंपात शिरतो आणि पाती व वाटी दोन्ही घासतो. स्वच्छ पाण्यात चालणाऱ्या इंजिनाचा हिशोब आपल्याला लावू नका. मुंबईत इम्पेलर दरवर्षी बदलायचा, तो बरा दिसत असला तरी.

जून : खोलून ठेवा

बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. बरेच जण जूनमध्येच नवा इम्पेलर टाकून मोकळे होतात. आम्ही तसं करू नका म्हणतो. इंजिन उभं असताना पाती वाटीत एकाच जागी दबून राहतात आणि दोन महिन्यांत नव्या रबरालाही तसाच बाक येतो. उलट काहीच न करता इंजिन झाकून ठेवलं तर मिठाने बोल्ट अॅल्युमिनियमला धरून बसतात आणि जुलैत डोकं तुटतं. म्हणून जूनमध्ये फक्त खोलायचं.

आधी इंजिन गोड्या पाण्यावर चालवून मीठ धुऊन घ्या. मग किल कॉर्ड, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी दोरी, काढा, बॅटरी असेल तर तिची तार सोडा आणि प्लगच्या वायरी ओढून ठेवा. पंखा हाताने फिरवताना इंजिन अचानक सुरू होऊ नये यासाठी ही खबरदारी आहे, ती टाळू नका.

लोअर युनिट, म्हणजे पंख्यासकट खालचा गिअरचा भाग, चार-पाच बोल्टवर लटकलेला असतो. त्यातला एक बोल्ट अनेक मॉडेलमध्ये पंख्याच्या वरच्या छोट्या पात्याखाली, ज्याला आपण झिंक म्हणतो त्याच्याखाली, लपलेला असतो. तो न सापडल्यामुळे पहारीने युनिट ठोकून फोडलेली आम्ही पाहिली आहेत. झिंक काढण्याआधी त्याच्या जागेवर पेंटची किंवा मार्करची रेघ मारा, नाहीतर परत बसवल्यावर हँडल एका बाजूला ओढतं. गिअरचा रॉडही सोडवावा लागतो. काही मॉडेलमध्ये तो नटाने जोडलेला असतो, काहींत नुसता सरकून निघतो. नट असेल तर किती आटे आत होते ते मोजून लिहून ठेवा. बोल्ट हलत नसेल तर गंजाचं तेल मारून रात्रभर सोडा. जोर लावू नका.

युनिट खाली घेताना दोघं असावेत. बाहेर आल्यावर ते उभंच ठेवा. वर दिसेल तो पंपाचा डबा. त्याचे बोल्ट काढून डबा शाफ्टवरून वर ओढला की इम्पेलर हातात येतो. शाफ्टमधली चंद्रकोरीसारखी छोटी चावी तेव्हाच पडते, म्हणून खाली कापड अंथरा. गवतात किंवा वाळूत पडलेली चावी सापडत नाही.

आता पाती मोजा.

हे आम्ही ठळक सांगतो, कारण एकदा आमच्याच एका जुन्या ग्राहकाने प्लास्टिकच्या पिशवीत इम्पेलर आणला होता. वाळत घातलेल्या बोंबलासारखी पाती वळलेली, आणि होती पाच. सहावं कुठे, विचारलं तर म्हणाले, झिजून गेलं असेल. रबर असं अख्खं झिजत नाही, तुटतं आणि पाण्याबरोबर वर जातं. त्यांनी नवा इम्पेलर बसवला, धार उत्तम पडली, आणि थोड्याच दिवसांत भर उधाणाच्या पाण्यात इंजिन तापून बंद पडलं. नखाएवढा तुकडा नळी चढून सिलिंडरच्या डोक्याजवळच्या वाटेत अडकला होता. तेव्हापासून आम्ही जुना इम्पेलर बघितल्याशिवाय नवा देत नाही. तुकडा कमी असेल तर तांब्याच्या नळीत वरून पाणी सोडा, पंपाच्या डब्यात बोट फिरवा, थर्मोस्टॅट (गरमीप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप) उघडून बघा. सापडेपर्यंत शोधा.

पाती शाबूत असली तरी मधली धातूची बुश धरून रबर पिळून बघा. रबर बुशवर फिरत असेल तर इम्पेलर दिसायला नवा आणि कामाला शून्य. वाटीच्या आतून आणि खालच्या स्टीलच्या प्लेटवरून नख फिरवा. नख अडकलं तर नुसता इम्पेलर घेऊ नका, वाटी, प्लेट, पॅकिंग आणि चावीसकट पूर्ण किट घ्या.

हाताशी आहेच तर गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रूही जरा सैल करा. तेल दुधासारखं पांढुरकं आलं तर सीलमधून पाणी शिरतंय. ते काम वेगळं आणि ते आमच्याकडे आणा.

सगळे बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून, मरीन ग्रीस लावून डब्यात ठेवा. युनिट कापडाने झाकून कोरड्या जागी उभं करा. जूनचं काम इथे संपलं.

जुलै : बसवा

नवीन इम्पेलर घ्यायला येताना इंजिनाच्या क्लॅम्पजवळच्या पट्टीचा फोटो आणा, त्यावर मॉडेल आणि नंबर असतो. यामाहाचे, सुझुकीचे, तोहात्सूचे इम्पेलर एकमेकांसारखे दिसतात. एकाच अश्वशक्तीत टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकचे वेगळे असू शकतात. "चाळीसचा द्या" एवढ्यावर आम्ही देत नाही. बाजारात कडक रबराचे स्वस्त इम्पेलरही मिळतात. पातं बोटाने वाकवून सोडलं की लगेच सरळ व्हायला हवं, तेवढी परीक्षा कुठूनही घेतलात तरी करा.

वाटीला आतून साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. इंजिन ऑइल लावू नका, ते रबराला मारतं. चावी शाफ्टच्या खाचेत बसवा, थोडं ग्रीस लावलं तर ती जागेवर राहते. इम्पेलर चावीवर सरकवा. मग डबा वरून दाबत शाफ्ट उजवीकडे, म्हणजे वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांसारखा, फिरवत राहा. पाती आपोआप योग्य बाजूला झुकतात. एकदा बसवल्यावर शाफ्ट उलटा फिरवू नका. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. डबा बऱ्याच मॉडेलमध्ये प्लास्टिकचा असतो, ताकद दाखवली की चिरतो.

युनिट वर चढवताना सगळ्यात जास्त चूक होते ती पाण्याच्या नळीची. ती नळी पंपाच्या डब्यावरच्या रबरी वायसरात शिरली पाहिजे. ती बाजूला गेली तर बाकी सगळं अचूक असूनही पाणी हवेत सांडतं. एकाने युनिट उचलायचं, दुसऱ्याने टॉर्च मारून नळीवर नजर ठेवायची. शाफ्टच्या दात्यांना बाजूने ग्रीस लावा, माथ्यावर लावू नका. माथ्यावरचं ग्रीस वर दबून बसतं आणि शाफ्ट पूर्ण चढू देत नाही. शेवटचं बोटभर अंतर राहिलं तर बोल्ट आवळून ओढू नका. गिअर टाकून पंखा हाताने किंचित उजवीकडे फिरवा, दाते जुळले की युनिट आपोआप वर जातं.

धार बघताना

मोठ्या पिंपात पाणी भरा, पंख्याच्या वरची आडवी प्लेट बुडेपर्यंत. इंजिन हळू चालीवर सुरू करा. अर्ध्या मिनिटात धार पडली पाहिजे. नाही पडली तर लगेच बंद करा. मग पुन्हा खोलायच्या आधी छिद्रात जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) घालून बघा. मिठाने किंवा चिखलाने ते छिद्र बुजतं आणि पंप उत्तम असूनही धार दिसत नाही. ऑगस्टात आमच्याकडे रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी इंजिनांचं दुखणं एवढंच निघालं आहे, आणि त्याचे आम्ही पैसे घेतलेले नाहीत.

समुद्रात धार अचानक थांबली तर इंजिन बंद करून वर उचला. खालच्या जाळीला प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असण्याची शक्यता मोठी.

बोल्ट तुटला, आटे गेले, नळी वाकली किंवा नवीन इम्पेलर टाकूनही डोकं तापत असेल तर युनिट जसं आहे तसं आणा, पुन्हा जोडून आणू नका. जुलैचा शेवटचा आठवडा आम्ही दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवतो. येताना जुना इम्पेलर आणि त्याचे सगळे तुकडे घेऊन या.