सायकल चालवताना पायात गोळा का येतो, आणि आला तर काय करावे

गोळा सहसा त्याच स्नायूत येतो ज्याने सर्वांत जास्त काम केले आहे, आणि तोही राइडच्या शेवटी. थकलेल्या स्नायूला 'आवळ' सांगणारे संदेश वाढतात, 'सैल हो' सांगणारे कमी होतात. म्हणून 'अंगातले मीठ कमी पडले' असे म्हणण्याआधी सीट आणि गिअर तपासा.

सीट

टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला न्या. गुडघा सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलू नये. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक राहतो. सीट उंच असेल तर पाय पोचवायला टाच वर उचलावी लागते आणि पोटरी तासन्‌तास आखडलेल्या स्थितीत राबते. गोळ्याला हीच स्थिती सर्वांत सोयीची. सीट खाली असेल तर भार मांडीच्या पुढच्या बाजूवर येतो. बदल एका वेळी 3 ते 5 मिमीच करा आणि दोन-तीन राइड्स पाहा. क्लीट (बुटाच्या तळाला असलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) फार पुढे असल्यासही पोटरीच दमते. ती 2-3 मिमी मागे घ्या.

गिअर

जड गिअरवर मिनिटाला 60 फेऱ्या मारण्यापेक्षा हलक्यावर 80 ते 90 माराव्यात. सरावात 60 किमी करणाऱ्याने एकदम 120 किमीला, त्यातही नेहमीपेक्षा जास्त वेगाने निघाले, तर सीट कितीही बरोबर असली तरी गोळा येऊ शकतो.

गोळा आला की

थांबा, उतरा. पोटरीसाठी गुडघा सरळ, टाच जमिनीवर, बोटे स्वतःकडे. मांडीच्या पुढच्या बाजूसाठी टाच कुल्ह्याकडे. 20-30 सेकंद धरा, झटके देऊ नका. नंतर दहा मिनिटे हलका गिअर ठेवा, नाहीतर गोळा परत येऊ शकतो.

पाणी, मीठ, खाणे

राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी कमी पडले. वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले, आणि ते धोक्याचे आहे. बऱ्याच जणांना तासाला 400 ते 800 मिली पुरते. दीड-दोन तासांपुढे किंवा खूप घाम येत असेल तर लिटरमागे पाव चमचा (सुमारे 1.5 ग्रॅम) मीठ घाला. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. लांब राइडमध्ये तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके घ्या. इंधन संपलेला स्नायू लवकर थकतो. मॅग्नेशियमच्या गोळ्यांवर खर्च करू नका. शरीरात त्याची कमतरता नसेल तर फारसा उपयोग होत नाही.

राइडनंतर

शेवटची 10-15 मिनिटे अगदी सावकाश. तास-दोन तासांत कर्बोदकांसोबत 20-25 ग्रॅम प्रथिने असलेले जेवण घ्या. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी पुढच्या काही तासांत थोडे थोडे प्या. झोप 7 ते 9 तास. हिची जागा कोणतीही पावडर घेत नाही. 24 ते 72 तास पाय दुखणे नेहमीचे आहे, तेवढे दिवस हलकेच चालवा.

लघवी कोलासारखी गडद झाली, किंवा एकच पोटरी सुजून गरम लागली, तर सायकल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.