एआयचे केंद्र कसे घडते आणि नफा कोठे जातो: नागपूरची पार्श्वभूमी

मुंबई, पुणे आणि नागपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेची उत्कृष्टता केंद्रे मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने उभारण्याचे राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले आणि उपराजधानीत 'एआय हब'ची चर्चा सुरू झाली. घोषणेतून असे शहर घडते का, आणि घडले तर त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

या बाबतीत टोरांटोचा इतिहास सर्वांत बोलका आहे. संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन १९८७ मध्ये तेथील विद्यापीठात आले, तेव्हा न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूतील पेशींच्या जाळ्याच्या धर्तीवर संगणकाला शिकवण्याची पद्धत, या विषयाकडे बहुतेक संगणकशास्त्रज्ञांनी पाठ फिरवली होती. तरीही कॅनडातील एका सार्वजनिक अर्थसाह्यावर चालणाऱ्या संशोधन संस्थेने त्यांना पाठबळ दिले. पंचवीस वर्षांनी, २०१२ मध्ये, त्यांनी व त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या प्रणालीने चित्रे ओळखण्याच्या जागतिक स्पर्धेत इतरांना फार मागे टाकले. पुढच्याच वर्षी या तिघांची छोटी कंपनी गुगलने विकत घेतली. कॅनडाचे राष्ट्रीय एआय धोरण आणि टोरांटोतील व्हेक्टर इन्स्टिट्यूट ही एआय संशोधन संस्था हे सारे २०१७ चे, म्हणजे प्रयोगशाळा आधी आणि धोरण मागाहून. शहराला संशोधक, नोकऱ्या आणि नाव मिळाले. संशोधनातून उभी राहिलेली कंपनी मात्र कॅलिफोर्नियाच्या मालकीची झाली. लंडनमध्ये २०१० साली स्थापन झालेली डीपमाइंड ही एआय कंपनीही २०१४ मध्ये गुगलकडेच गेली.

बंगळुरूचा पायाही असाच जुना आहे. १९०९ ची भारतीय विज्ञान संस्था आणि १९४० चा विमान कारखाना यांनी तेथे अभियंत्यांची पिढी घडवली होती, म्हणूनच १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी चिप कंपनीला ते शहर सोयीचे वाटले.

नागपूरने हा अनुभव एकदा, वेगळ्या उद्योगात, घेतलेला आहे. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे येथे पोहोचली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. बहुतेक गिरणीमालक मुंबईत गिरण्या काढत असताना जमशेटजी टाटांनी नागपूर निवडले, कारण कापूस दाराशी होता, कोळसा फार दूर नव्हता आणि माल नेण्यास रेल्वे होती. सूत कातण्याच्या रिंग फ्रेमसारखे त्या काळातील नवे यंत्र या गिरणीने लवकर स्वीकारले आणि कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची योजनाही सुरू केली, तेव्हा तिला केवळ ओरबाडणारा उद्योग म्हणणे अन्यायाचे ठरेल. तथापि तिच्या नफ्याचे काय करायचे, हा निर्णय मुंबईत होत असे, आणि टाटांच्या पुढील उद्योगांना त्याच नफ्याने बळ दिले. शहराच्या वाट्याला मजुरी आली. गिरणी १९८६ मध्ये राज्य सरकारकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला.

त्याच २००२ मध्ये मिहान या नागपूर विमानतळालगतच्या मालवाहतूक व उद्योग प्रकल्पासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या आणि मोबदला व पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षे चालला. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या, हे खरेच. पण त्यांची मुख्यालये अनुक्रमे मुंबई, बंगळुरू आणि नोएडा येथेच आहेत. कोणते काम नागपूरला द्यायचे हे तेथे ठरते. अभियंत्यांची मात्र येथे कधीच वाण नव्हती: आजचे व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, ट्रिपल आयटी २०१६ मध्ये आली. तरीही गणेशपेठेतून रात्री पुण्याकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये बॅगा चढवणारी तरुण मुले पाहिली, की शिक्षणातली ही गुंतवणूक कोणत्या शहराच्या कामी येते ते वेगळे सांगावे लागत नाही.

नागपूरच्या बाजूने एक गोष्ट नव्याने घडली आहे. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या पैशाने संगणक संशोधनाला पहिली अनेक वर्षे आधार दिला. येथे तशी ग्राहकाची भूमिका पोलिस खात्याकडे आली आहे. तपासात एआयचा वापर व्हावा म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये आयआयएम नागपूरच्या सहभागाने 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली. तिच्या सहभागाने तयार झालेली 'महाक्राइमओएस' ही प्रणाली आधी नागपुरातील २३ पोलिस ठाण्यांत वापरली गेली आणि नंतर ती राज्यातील सुमारे १,१०० ठाण्यांत नेण्याचे जाहीर झाले. सायबर फसवणुकीची तक्रार आली, की बँकांना व मोबाइल कंपन्यांना पाठवायची पत्रे, तपासाचा क्रम, कागदपत्रांचे वाचन अशा कामांत ती अधिकाऱ्याला मदत करते.

ही प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर, चालते. वापर वाढेल तसे क्लाउडचे बिल वाढते. म्हणून इमारत किती मजली होणार यापेक्षा करारातील काही कलमे नागपूरकरांनी विचारून घेण्यासारखी आहेत: येथील गुन्ह्यांच्या नोंदींवरून सुधारलेली प्रणाली कोणाच्या मालकीची राहणार, ती दुसऱ्या राज्याला विकली गेली तर मार्व्हलला हिस्सा मिळणार का, तिची देखभाल नागपुरातील अभियंते करणार की बाहेरचे कंत्राटदार, आणि ज्या तक्रारदारांची व संशयितांची माहिती तिच्यात जाते, त्यांना चुकीच्या निष्कर्षाविरुद्ध दाद कोठे मागता येणार.