दाराशीच गर्दी का होते?

सकाळी साडेआठला पहिल्या एसटीतून उतरलेली माणसं दवाखान्यात एकदमच पोचतात. संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो की तालुक्याचा खासगी दवाखाना, केस पेपर काढून झाला की बाकडी सोडून लोक डॉक्टरांच्या दाराला खेटून उभे राहतात. ‘मागं सरका’ म्हटलं की दोन पावलं सरकतात आणि परत पुढं येतात. लोकांना शिस्त नाही, असं म्हणून विषय संपवला जातो. आम्हाला ते पटत नाही.

आधी गणित बघू. एका पेशंटला सरासरी ५ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला १२ जण तपासून होतात. नऊच्या ओपीडीला ३० जण आधीच हजर असतील, तर शेवटच्याचा नंबर १४५ मिनिटांनी, म्हणजे साडेअकराच्या सुमाराला लागणार. एसटीच्या वेळा बदलत नाहीत तोवर हे टळत नाही. पण दिवसभर थोडे थोडे आले तरी प्रश्न सुटतोच असं नाही. टेलिफोनच्या जोडण्यांचा अभ्यास करताना डॅनिश गणिती एर्लांग यांनी १९०९ मध्ये रांगांच्या गणिताचा पाया घातला. त्या गणितानुसार, येणं अनियमित आणि तपासणीचा वेळ कमीजास्त असेल, तर तासाला ९ जण येताना सरासरी १५ मिनिटं थांबावं लागतं. तेच ११ जण येऊ लागले तर ५५ मिनिटं! डॉक्टरांचा हात तितकाच चालतोय; तासाला फक्त दोन माणसं वाढली.

बाकावरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. आत कोण गेलं, डॉक्टर वॉर्डात गेले का, ‘नुसता रिपोर्ट दाखवायचाय’ म्हणत कोण मधेच घुसलं, हे फक्त दारातून कळतं. ‘आमचा लंबर कव्हा येईल?’ याला ‘बसा, येईल’ एवढंच उत्तर मिळत असेल, तर दाराशी उभं राहणं हाच शहाणपणा ठरतो. रांगेच्या मानसशास्त्रावर डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये हेच मांडलं: किती वेळ लागेल ते माहीत नसलं, उशिराचं कारण कळलं नाही किंवा कुणी मधे घुसलं, तर तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो.

नंबर हुकेल या धास्तीचा परिणाम तपासणीवरही होतो, आणि याकडे फार कमी लक्ष जातं. माणूस लघवीला जात नाही, एप्रिल-मेच्या उन्हातून आलेला असूनही पाणी टाळतो. नाव पुकारलं की धावत आत जातो आणि लगेच दंडाला बीपीचा पट्टा बांधला जातो. भरलेलं मूत्राशय, धावपळ, बोलणं, अर्ध्या तासात घेतलेला चहा किंवा तंबाखू यांतल्या प्रत्येकानं आकडा वर जातो. मग गोळी वाढते, ती कदाचित गरज नसताना. बीपी मोजण्याआधी लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसावं. बाकावर मांडी घालून बसायची सवय असते, पण इथं दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले हवेत. हात आधारावर, हृदयाच्या उंचीवर. पट्टा उघड्या दंडावर.

शुगरवाल्यांची तऱ्हा वेगळी. जेवणानंतरच्या तपासणीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात. पुष्कळजण हात धुतल्यापासून मोजतात. शुगरची गोळी घेऊन उपाशी रांगेत बसणं तर धोक्याचं. दरदरून घाम, थरथर, चक्कर आली आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी आणि तसंच आत न्यावं. तिथं नंबर बघायचा नाही.

दाराची गर्दी हटवायला दोन पाट्या लागतात. एकीवर खडूनं चालू नंबर, आणि डॉक्टर उठून गेले तर परतायची वेळ. दुसरीवर नियम: ‘नंबर हुकला तर पुढच्या तीन पेशंटनंतर घेतलं जाईल. रिपोर्ट दाखवणाऱ्यांना दर पाच पेशंटनंतर एक.’ नियम कोणताही चालेल, पण तो पाहुण्यारावळ्यांनाही लागू हवा. पाटी नसेल तर घड्याळ लावून बघा: सलग पाच पेशंटना मिळून किती मिनिटं लागली, त्याला पाचनं भागा आणि आपल्या पुढच्या माणसांनी गुणा. उत्तर तासाच्या वर आलं, तर भाकरी खाऊन यायला वेळ आहे. फक्त उपाशीपोटी द्यायचं रक्त आधी देऊन या.