फेल्टची फुलं, टोप्या आणि पक्षी: हे सगळं आलं कुठून

हाताने बनवलेल्या लोकरीच्या फेल्टचा ब्रोच किंवा स्कार्फ किंवा एखादा छोटासा पक्षी बघितला की बरेच लोक म्हणतात, छान आहे, हा कुठला नवीन हॉबी क्राफ्टचा प्रकार? मला हे ऐकलं की दरवेळी थांबून सगळं सांगावंसं वाटतं, कारण यात नवीन म्हणण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही गेल्या चाळीसेक वर्षांतल्या आहेत, बाकी सगळं इतकं जुनं आहे की त्याच्यासमोर विणलेले स्वेटरसुद्धा कालचे वाटावेत. आणि दुसरा एक गैरसमज म्हणजे फेल्ट आधी तंबू, बूट, खोगीर असल्या कामाच्या गोष्टींसाठी होतं आणि शोभेच्या वस्तू नंतर आल्या. उत्खननात जे हाती आलंय ते बघितलं तर तसं अजिबात दिसत नाही.

आधी थोडं फेल्ट म्हणजे काय, कारण ते कळल्याशिवाय पुढचा इतिहास नीट लागत नाही. यात सूत नाही, माग नाही, विणकाम नाही. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात आणि ते सगळे टोकाकडे तोंड करून असतात, त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो पण उलटा यायला गेला की अडतो. पिंजलेली लोकर आडवी उभी थर देऊन पसरायची, त्यावर गरम साबणाचं पाणी, मग चोळायचं, गुंडाळी करून लाटायचं, परत उलगडायचं, दिशा बदलून परत लाटायचं, आणि या सगळ्यात एकेक केस मुळाकडून पुढे सरकत शेजारच्या केसांत घुसत जातो आणि परत बाहेर येत नाही. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की आटून बाहुलीच्या मापाचा होतो ना, तेच हे, फक्त मुद्दाम आणि हिशोबाने केलेलं. आटणंही थोडंथोडकं नाही, तयार तुकडा मूळ पसरलेल्या मापापेक्षा सहज एक तृतीयांशाने लहान होतो, त्यामुळे टोपी करायची तर सुरुवात डोक्यापेक्षा बरीच मोठी करावी लागते. आणि एकदा झालेलं फेल्ट परत सुटी लोकर होत नाही.

आता यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, सूत नसल्यामुळे फेल्ट कुठेही कापलं तरी उसवत नाही. कडेला शिलाई मारायची गरजच नाही. म्हणून मग हवा तो आकार कापायचा, दुसऱ्या रंगाच्या फेल्टवर टाचायचा आणि नक्षी तयार. ही गोष्ट ज्यांनी पहिल्यांदा ओळखली त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत पण त्यांचं काम आपल्याकडे आहे, आणि ते बर्फात सापडलंय.

सैबेरियात अल्ताई पर्वतांत पाझिरिक नावाची जागा आहे. तिथे इ.स.पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकातल्या भटक्या घोडेस्वार लोकांच्या थडग्यांवर दगडांचे मोठे ढीग आहेत. थडग्यात पाणी झिरपलं, गोठलं, आणि वरच्या दगडांमुळे ते पुन्हा वितळलंच नाही, त्यामुळे लाकूड, चामडं, लोकर, माणसाच्या कातडीवरचं गोंदण, जे एरवी शंभर वर्षंही टिकत नाही ते सगळं दोन हजारांहून जास्त वर्षं जसंच्या तसं राहिलं. पहिलं थडगं १९२९ साली मिखाईल ग्र्याझ्नोव यांनी उघडलं आणि बाकीची मोठी थडगी १९४७ ते १९४९ मध्ये सर्गेई रुदेन्को यांनी. आत फेल्टचे खोगिरावरचे झूल निघाले, मोजे निघाले, आणि पाचव्या थडग्यात भिंतीवर टांगायचा एक प्रचंड पडदा निघाला, साधारण साडेचार बाय साडेसहा मीटरचा, पांढऱ्या फेल्टवर रंगीत फेल्टचे तुकडे कापून बसवलेले, एक मिशीवाला घोडेस्वार एका आसनावर बसलेल्या देवीसारख्या आकृतीसमोर आलाय, आणि हेच चित्र परत परत.

पण मला स्वतःला त्या पडद्यापेक्षा जास्त आवडतात ते हंस! त्याच थडग्यात फेल्टचे हंस सापडले, पांढरं अंग, काळी चोच, आणि आत रेनडिअरचे केस ठासून भरलेले म्हणजे पक्षी गोल, भरीव दिसावा. ते बहुतेक कुठल्यातरी छताला किंवा मांडवासारख्या गोष्टीला लावलेले असावेत असा अंदाज आहे. म्हणजे बघा, आज कोणी टेबलावर ठेवायला फेल्टचा पक्षी करतं तेव्हा ते जे करतं तेच अल्ताईतल्या कोणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी केलंय, चोचीचा आकार नीट यावा म्हणून तेवढीच खटपट करून. त्या हंसाचा थंडीवाऱ्यापासून बचावाशी काही संबंध नाही. तो सुंदर दिसावा म्हणून आहे, फार तर मेलेल्या माणसाच्या सोबतीसाठी. हे हंस आणि तो पडदा दोन्ही आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज म्युझियममध्ये आहेत.

अंगावर घालायच्या फेल्टचा पुरावाही याच लोकांचा. १९९३ मध्ये नताल्या पोलोस्माक यांना उकोक पठारावर एका स्त्रीचं गोठलेलं थडगं मिळालं, तिच्या डोक्यावर जवळपास ९० सेंटिमीटर उंच शिरोभूषण होतं, त्यात फेल्ट आणि वर सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी आकृत्या, आणि ते मावावं म्हणून शवपेटीच तिच्या उंचीपेक्षा बरीच लांब कोरलेली. पायात मांडीपर्यंत येणारे फेल्टचे मोजे, त्यावरही कापून बसवलेली नक्षी. एवढं शिरोभूषण घालून कोणी मेंढ्यांमागे धावत नाही, हे सरळसरळ मिरवायचं आहे.

यानंतरची साखळी बऱ्यापैकी सलग लागते. मंगोलियातल्या नोइन-उला इथल्या शिओंग्नू या भटक्या लोकांच्या थडग्यांत, म्हणजे साधारण इ.स.च्या पहिल्या शतकात, याक आणि एका शिंगवाल्या प्राण्याची झुंज असलेला फेल्टचा गालिचा मिळाला. जपानमध्ये नारा इथल्या शोसोइन या खजिन्यात आठव्या शतकातले फुलांच्या नक्षीचे फेल्टचे गालिचे आहेत, आणि त्यात फरक असा की नक्षी कापून शिवलेली नाही तर रंगीत लोकर ओल्या थरातच मांडून एकजीव केलेली आहे. नक्षीचे हे दोन रस्ते, एक कापून बसवायचा आणि एक लोकरीतच मुरवायचा, इथून पुढे कायम राहतात. १२५३ च्या सुमारास विल्यम ऑफ रुब्रुक हा फ्रान्सिस्कन साधू मंगोलांकडे गेला होता, त्याने लिहून ठेवलंय की तंबूच्या दारावर ते रंगीत फेल्ट लावतात आणि त्यावर फेल्टवर फेल्ट शिवून वेली, झाडं, पक्षी, प्राणी केलेले असतात, शिवाय घरधन्याच्या डोक्यावरच्या बाजूला भिंतीला फेल्टची बाहुलीसारखी मूर्ती टांगलेली असते. म्हणजे देवही फेल्टचे.

ग्रीक आणि रोमन लोकांकडे मात्र मुख्य गोष्ट टोपी. ग्रीक पिलोस, रोमन पिलेउस, ही बिनकाठाची साधी फेल्टची टोपी, आणि रोममध्ये गुलामाला मुक्त केलं की ती त्याच्या डोक्यावर यायची. सीझरच्या हत्येनंतर त्याच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने जे नाणं पाडलं त्यावर दोन खंजीर आणि मधे हीच टोपी आहे. एका साध्या फेल्टच्या तुकड्याला एवढा अर्थ! पोम्पेईत एका दुकानाच्या भिंतीवर तर फेल्ट करणारे कारागीर कामात गुंतलेले चित्रात दिसतात, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं चित्र. ख्रिस्ती परंपरेत संत क्लेमेंट यांची गोष्ट सांगतात की चालून चालून पाय सोलले म्हणून त्यांनी चपलेत लोकर घातली आणि घामाने नि पावलांच्या दाबाने तिचं फेल्ट झालं, ही दंतकथाच आहे, पण ओलावा, ऊब आणि दाब हे तिन्ही त्यात बरोबर आलेत. ओघात आलंच आहे तर, आपण रोज फिल्टर म्हणतो तो शब्द फेल्टच्याच मध्ययुगीन लॅटिन नावावरून आलाय, कारण पातळ पदार्थ त्यातून गाळायचे. आणि फेल्टसाठीचा आपला नमदा हा शब्द फारसी नमदवरून.

पुढे युरोपात टोपीचा मोठा धंदा झाला. १६०४ साली लंडनच्या फेल्टवाल्यांच्या संघाला राजाची सनद मिळाली. पण टोपीसाठी मेंढीच्या लोकरीपेक्षा बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या प्राण्याची फर चांगली ठरली, हलकी आणि पाण्याला दाद न देणारी, आणि त्या फरसाठी उत्तर अमेरिकेत एवढा व्यापार उभा राहिला की १६७० मध्ये हडसन बे कंपनी मुख्यतः त्यावरच निघाली, आणि युरोपातले बीव्हर तर जवळजवळ संपलेच. सशासारख्या स्वस्त फरचं फेल्ट सहज होत नाही म्हणून ती पाऱ्याच्या द्रावणाने भिजवायचे, केसांची टोकं त्याने नारिंगी व्हायची, म्हणून त्या कामाचं नावच गाजरावरून पडलं होतं. मग बंद, वाफेने भरलेल्या खोल्यांत कामगार तो पारा श्वासात घेत राहिले, हात कापायला लागायचे, बोलणं बिघडायचं, स्वभाव बदलायचा. अमेरिकेत टोप्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डॅनबरी गावात या थरथरीला गावाच्याच नावाने ओळखायचे. तिथे टोपीच्या धंद्यातला पारा १९४१ मध्ये बंद झाला. तोपर्यंत किती पिढ्या गेल्या. जुनी फेल्टची हॅट बघताना हे मला विसरता येत नाही, आणि विसरूही नये असं वाटतं. मेंढीच्या लोकरीला यातलं काहीच लागत नाही, पाणी साबण आणि हात, संपलं.

हे कारखाने चालू असताना दुसरीकडे हाताचं काम थांबलं नव्हतं. तुर्कस्तानात मेंढपाळांचा केपेनेक, म्हणजे एकही शिवण नसलेला फेल्टचा जाडजूड झगा, मेवलेवी या सूफी पंथातल्या दर्वेशांची उंच सिक्के टोपी, आणि हे फेल्ट मळायला कारागीर चक्क हमाममध्ये, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात बसायचे कारण तिथे गरम पाणी नि वाफ आयती. मंगोलियात नवीन फेल्ट करताना खाली जुनं फेल्ट अंथरतात, त्या जुन्याला आई म्हणतात, मग गुंडाळी करून घोड्यामागे माळावर ओढत नेतात. किर्गिझस्तानात वर म्हटलेले दोन्ही रस्ते आजही शेजारी शेजारी नांदतात, आला-कियिझमध्ये नक्षी ओल्या लोकरीतच दाबलेली असते, कडा जरा धूसर, आणि शिरदाकमध्ये दोन रंगांची फेल्टं एकावर एक ठेवून एकदम कापतात, मग एकाची नक्षी दुसऱ्याच्या भोकात बसवतात, म्हणजे एका कापणीत दोन गालिचे, एकमेकांचे उलटे, आणि वाया काहीच जात नाही. मेंढ्याच्या शिंगाची वळणं तिथे सगळीकडे दिसतात. २०१२ मध्ये युनेस्कोने या दोन्ही कला तातडीने जपायला हव्यात अशा यादीत घातल्या, आणि तिथल्या पांढऱ्या अक-कल्पाक टोपीच्या कलेची नोंद २०१९ मध्ये झाली.

पश्चिमेकडे हे हाताचं काम पुन्हा सुरू होण्यात इंग्लंडमधल्या मेरी बर्केट यांचा वाटा मोठा. केंडल गावातल्या अॅबट हॉल आर्ट गॅलरीच्या त्या संचालक, साठच्या दशकात तुर्कस्तान आणि इराणमध्ये फिरताना त्यांनी फेल्ट होताना बघितलं आणि १९७९ मध्ये फक्त फेल्टवर एक प्रदर्शन भरवलं. ते बघून बऱ्याच जणांनी घरीच लोकर भिजवायला सुरुवात केली, आणि १९८४ मध्ये इंटरनॅशनल फेल्टमेकर्स असोसिएशन स्थापन झाली.

आणि आता त्या दोन नव्या गोष्टी. पहिली म्हणजे सुई. कारखान्यात दाते पाडलेल्या हजारो सुया लावलेली मशीन एकोणिसाव्या शतकापासून होती, सुई आत जाताना केस ओढून नेते पण दात्यांची दिशा अशी की बाहेर येताना ते परत आणत नाही, म्हणजे पाणी साबण काहीही न वापरता फेल्ट. हीच एकेक सुई सुटी काढून हातात धरायचं १९८०च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड आणि एलेनॉर स्टॅनवूड या जोडप्याने सुरू केलं, आणि त्यामुळे बारीक डोळा, चोच, पाकळीची शीर असलं काम हातात आलं. फेल्टचे छोटे प्राणी आज एवढे दिसतात ते या सुईमुळे. दुसरी गोष्ट नुनो फेल्ट, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात पॉली स्टर्लिंग यांनी पुढे आणलं. जपानीत नुनो म्हणजे कापड. पातळ रेशमावर लोकरीचा अगदी विरळ थर द्यायचा, चोळताना केस रेशमाच्या जाळीतून आरपार जातात, मग लोकर आटते पण रेशीम आटत नाही, त्यामुळे त्याला सुंदर चुण्या पडतात. याआधी अंगावरचं फेल्ट म्हणजे टोपी, बूट, झगा, सगळं जाड. गळ्यात घालून विसरून जावा इतका हलका स्कार्फ पहिल्यांदा इथून शक्य झाला.

मेरिनो या मेंढीच्या जातीच्या लोकरीचाही यात हात आहे, कारण तिचे केस इतके बारीक की पटकन धरतात आणि मानेला टोचत नाहीत. पण पाझिरिकच्या हंसाला मेरिनो नव्हती आणि ही दात्यांची सुईही नव्हती, जाडसर लोकर, कातर, शिवायचा दोरा आणि आत भरायला केस एवढंच होतं, म्हणून तो पोकळ शिवून मग भरलाय. आज आपण उलटं करतो, आधी आतला गोळा आणि त्यावर बाहेरून सुईने पीस चढवत जायचं.