क्ष-किरण मोजण्यासाठी ०.०५ केल्विन

मे महिन्यात ठाण्यात दुपारचे तापमान ३५ अंश सेल्सिअसवर जाते, तेव्हा निरपेक्ष मापनात ते ३०८ केल्विन असते. वाशीतल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे चुंबक द्रवरूप हीलियममध्ये बुडवून ४.२ केल्विनला ठेवलेले असते, आणि तारे व दीर्घिका यांच्यापासून दूर असलेले रिकामे अवकाश, विश्वाच्या पार्श्वभूमीवर पसरलेल्या प्रारणामुळे, २.७ केल्विनपेक्षा थंड होऊ शकत नाही. जपानच्या क्रिझम या अवकाश दुर्बिणीवरील ‘रिझॉल्व्ह’ नावाच्या वर्णपटमापकाचा संवेदक मात्र ०.०५ केल्विनला, म्हणजे ५० मिलिकेल्विनला काम करतो. निर्वात अवकाशाहूनही पन्नासपट थंड अशी ही जागा मुद्दाम निर्माण करावी लागते आणि वर्षानुवर्षे टिकवावी लागते. अशा उपकरणाच्या वर्णनात संवेदकाचे कौतुक पुष्कळ होते. परंतु त्याच्या आराखड्यातील बहुतेक निर्णय संवेदकासाठी नव्हे, तर त्याच्याकडे निघालेली उष्णता वाटेत अडवण्यासाठी घेतलेले असतात, असे माझे मत आहे.

एवढ्या थंडीची गरज का पडते, हे आधी पाहू. तापलेल्या लोखंडाच्या अणूंकडून येणाऱ्या क्ष-किरणांच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण ६,७०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. एका जूलचे दहा कोटी भाग करून त्यांतील एकेका भागाचे पुन्हा एक कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे जवळजवळ एवढी ऊर्जा. ती मोजण्याची रुळलेली पद्धत सीसीडीची, म्हणजे कॅमेऱ्यात असते तशा सिलिकॉनच्या संवेदक-चकतीची, आहे. २०१५ साली प्रक्षेपित झालेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅटवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केलेली जी सौम्य क्ष-किरण दुर्बीण आहे, तिच्यात उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केलेली सीसीडीच आहे. सिलिकॉनमध्ये दर ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे सरासरी एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. म्हणजे ६,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एका फोटॉनमागे सुमारे १,६०० इलेक्ट्रॉन मिळतात. परंतु ही संख्या प्रत्येक वेळी थोडी कमीजास्त होते. हा चढउतार निसर्गनियमानेच येत असल्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स कितीही सुधारले तरी ऊर्जेच्या मापनातील अनिश्चितता १२० ते १३० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली जात नाही.

ही अनिश्चितता किती महाग पडते, हे ययाती समूहातील दीर्घिकांच्या गुच्छावरून कळते. या गुच्छाच्या पोटात सुमारे पाच कोटी अंश तापमानाचा वायू आहे. तो वायू किती वेगाने ढवळला जात आहे, हे लोखंडाच्या रेषेच्या (वर्णपटात ठरावीक ऊर्जेवर दिसणाऱ्या त्याच्या ठळक पट्टीच्या) रुंदीवरून ठरवायचे असते. २०१६ मध्ये हितोमी या जपानच्याच आधीच्या उपग्रहाने तो वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर असल्याचे मोजले. डॉप्लरच्या नियमाने (स्रोत हलत असेल, तर त्याच्या किरणांची ऊर्जा किंचित बदलते) हिशेब केला, तर या वेगामुळे ६,७०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या रेषेत जेमतेम पावणेचार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक पडतो. १३० इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक करणाऱ्या सीसीडीला हा फरक दिसणे शक्य नव्हते. हितोमीच्या उपकरणाची भेदनक्षमता, म्हणजे ऊर्जेच्या मापनातील अनिश्चितता, पाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती, म्हणूनच तो हाती लागला. जाळीचे (बारीक समांतर रेघांवरून किरण फाकवणारे) वर्णपटमापक बारीक रेषा वेगळ्या करू शकतात, परंतु त्यांना बिंदूसारखा स्रोत लागतो, आणि आकाशात पसरलेल्या वायूचा वर्णपट त्यांच्यात फिसकटतो.

या पेचावरचा उपाय मोझली, मादर आणि मॅकॅमन यांनी १९८४ साली मांडला. (यांपैकी जॉन मादर यांना पुढे २००६ चे नोबेल मिळाले, ते मात्र कोबे उपग्रहावरील कामासाठी.) इलेक्ट्रॉन मोजण्याऐवजी फोटॉनची सगळी ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होऊ द्यावी आणि तापमान किती वाढले ते मोजावे, असा त्यांचा विचार होता. खोलीच्या तापमानाला ही कल्पना हास्यास्पद ठरली असती, कारण एका फोटॉनमुळे होणारी तापमानवाढ पदार्थातील उष्णतेच्या सहज चढउतारात बुडून गेली असती. परंतु तापमान उतरते तशी स्फटिकाची उष्णताधारकता (तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे ५० मिलिकेल्विनला तेवढ्याच ऊर्जेने तापमान मोजता येईल इतके वर जाते, आणि सहज चढउतारही अगदी क्षीण झालेला असतो. रिझॉल्व्हमध्ये पारा आणि टेल्युरिअम यांच्या संयुगाच्या, एक मिलिमीटरपेक्षाही थोड्या लहान अशा ३६ चौकोनी चकत्या सहा बाय सहाच्या मांडणीत बसवलेल्या आहेत. जड अणूंमुळे क्ष-किरण तिथेच शोषले जातात, आणि मोकळे इलेक्ट्रॉन अत्यल्प असल्याने उष्णताधारकता वाढत नाही. प्रत्येक चकतीखाली सिलिकॉनचा एक सूक्ष्म तापमापक असतो. सगळा संवेदक मिळून पाच मिलिमीटर बाजूचा चौरस होतो. त्याच्याभोवतीच्या थंड कुपीचे आकारमान पाहिले, की खरे काम कुठे झाले आहे ते लक्षात येते.

उष्णता तीन वाटांनी येते: प्रारणाने, आधाराच्या दांड्यांतून आणि तारांतून. ३०० केल्विनचा काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे सुमारे ४६० वॉट प्रारण फेकतो, तर ४ केल्विनच्या पृष्ठभागाचे प्रारण एका वॉटच्या लाखाव्या भागाच्या घरात येते, कारण ते तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. म्हणून थंड भागाभोवती एकात एक अशी कवचे असतात, प्रत्येक कवच आधीच्यापेक्षा थंड असते, आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनिअमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचे अनेक पापुद्रे असतात. सर्वांत आतला भाग केवलार या अतिशय मजबूत कृत्रिम तंतूच्या धाग्यांवर ताणून लटकवलेला असतो. प्रक्षेपणाच्या हादऱ्यांत हे धागे तुटता कामा नयेत आणि एरवी त्यांच्यातून उष्णताही वाहता कामा नये. मजबुतीसाठी धागा जाड हवा आणि गळती कमी व्हावी म्हणून बारीक हवा. अभियंत्यांचे महिनोन्‌महिने अशाच वाटाघाटींत जातात.

मग हिशेब येतो हीलियमचा. एक वॉट उष्णता तासाला सुमारे १.४ लिटर द्रवरूप हीलियम उडवते. त्या प्रमाणात एक मिलिवॉटची गळती वर्षाला दहा-बारा लिटर खाऊन टाकते. रिझॉल्व्हमध्ये तीसेक लिटर हीलियम घेऊन तीन वर्षांचे उद्दिष्ट ठेवले आहे, म्हणजे टाकीपर्यंत पोहोचणारी उष्णता मिलिवॉटच्या आसपास रोखावी लागते. त्यासाठी बाहेरची कवचे यांत्रिक शीतकांनी गार केली जातात. या शीतकांचे दट्टे सतत हलतात आणि त्यांच्या कंपनाने संवेदकही सूक्ष्मपणे तापतो, म्हणून हितोमीच्या वेळी शीतकांखाली कंपनरोधक बसवावे लागले. थंडी देणारे यंत्रच उष्णतेचा स्रोत ठरावे, हा या क्षेत्रातील नेहमीचा ताप आहे.

वजनरहित अवस्थेतील टाकीचा प्रश्न मला विशेष रंजक वाटतो. पृथ्वीवर द्रव तळाशी राहतो आणि वाफ वरून निघून जाते; अवकाशात तळ असा उरतच नाही, मग द्रव आत ठेवून फक्त वायू बाहेर कसा सोडायचा? टाकीतले हीलियम १.२ केल्विनच्या आसपास असते आणि तिथे ते अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाविना वाहणारे, झालेले असते, आणि अतिप्रवाही द्रवाची ओढ थंड बाजूकडून उबदार बाजूकडे असते. म्हणून टाकीच्या तोंडाशी अतिसूक्ष्म छिद्रांचा एक सच्छिद्र दट्ट्या बसवतात. बाहेरच्या अंगाला हीलियमचे बाष्पीभवन होते, ते अंग थंड पडते, आणि त्यामुळे द्रव आपोआप आतल्या, किंचित उबदार बाजूकडे खेचला जातो. एकही हलता भाग नसलेले हे बूच केवळ पुंज-भौतिकीवर चालते.

१.२ केल्विनपासून पुढची उतरण हीलियमच्या आवाक्यात नाही. ती क्रोम तुरटीसारख्या क्षारांवर सोपवली जाते. त्यातील क्रोमिअमचे आयन लहान चुंबकांसारखे वागतात. जोरदार चुंबकीय क्षेत्रात ते एका दिशेने वळतात आणि उष्णता सोडतात. ती हीलियममध्ये जाऊ द्यायची, मग दोघांमधला उष्णतेचा दुवा तोडायचा आणि क्षेत्र हळूहळू उतरवायचे, की आयन पुन्हा विस्कळीत होताना क्षारातलीच उष्णता शोषून घेतात. विल्यम जिओक यांनी १९३३ मध्ये ही रीत प्रत्यक्षात आणली आणि १९४९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. क्षेत्र अगदी सावकाश कमी करत राहिले, तर तापमान ५० मिलिकेल्विनवर काही मायक्रोकेल्विनच्या अचूकतेने धरून ठेवता येते. साधारण दोन दिवसांनी क्षार ‘संपतो’ आणि चुंबक पुन्हा चढवावे लागते.

हे सगळे कवच बंदिस्त असते, तर प्रश्न सोपा झाला असता. परंतु क्ष-किरण आत यायला एक भोक ठेवावेच लागते, आणि त्याच भोकातून उष्णताही येते. तिला अडवण्यासाठी वेगवेगळ्या तापमानांना ॲल्युमिनिअम आणि पॉलिइमाइड या प्लास्टिकचे अतिशय पातळ पडदे एकामागे एक लावतात. त्यांचा शत्रू म्हणजे ओलावा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात पावसाळ्यात द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीशी उभे राहिलो, तर तो कसा काम करतो ते डोळ्यांदेखत दिसते: बाष्पीकारकाच्या ॲल्युमिनिअमच्या पात्यांवर आधी पांढरा मुलामा धरतो, तासाभरात त्याचा बोटभर जाड थर होतो, आणि झडपेच्या चाकाभोवती बर्फ इतके घट्ट धरते की चाक फिरवण्याआधी कामगार त्यावर बादलीने पाणी ओततात. अवकाशात हवा नसली, तरी यानाच्या प्लास्टिकमधून आणि गोंदातून पहिले काही आठवडे बाष्प सुटत राहते, आणि त्याचा अतिशय पातळ थर पडद्यावर गोठला, तरी कमी ऊर्जेचे क्ष-किरण त्यात अडकतात.

म्हणून रिझॉल्व्हच्या तोंडाशी एक झडप आहे. तिच्यात बेरिलिअमची सुमारे पाव मिलिमीटर जाडीची खिडकी बसवलेली आहे. जमिनीवर आतली निर्वात पोकळी सांभाळणे आणि सुरुवातीचे बाष्प बाहेर ठेवणे एवढेच तिचे काम होते. नंतर ती उघडायची होती. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रिझम कक्षेत गेल्यावर ती उघडण्याचे प्रयत्न झाले, परंतु झडप उघडली नाही. बेरिलिअममुळे सुमारे १,७०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालचे किरण अडतात, त्यामुळे ऑक्सिजनच्या ठळक रेषा या उपकरणाला दिसत नाहीत. लोखंडाच्या रेषा मात्र खिडकीतून जवळजवळ विनासायास येतात, आणि भेदनक्षमता अपेक्षेपेक्षा चांगली, पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत आहे. ‘साधी झडप’ अडली म्हणून हळहळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००५ मध्ये सुझाकू उपग्रहावरील अशाच उपकरणाचे सगळे हीलियम, प्रक्षेपणानंतर महिन्याच्या आतच, ८ ऑगस्टला संपले होते; सोडलेला हीलियम वायू यानातून नीट बाहेर न जाता कुपीच्या निर्वात पोकळीत शिरला, आणि सगळा उष्णतारोध एकदम निकामी झाला. त्या मानाने बंद राहिलेली झडप खगोलशास्त्रज्ञांना परवडली.

हीलियम संपल्यावर काय, याची तरतूद क्रिझममध्ये आहे. चुंबकीय क्षाराचा आणखी एक टप्पा यांत्रिक शीतकाला जोडलेला असल्याने द्रवाशिवायही निरीक्षणे चालू ठेवता येतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या नियोजित न्यूअथेना दुर्बिणीच्या अशाच उपकरणात द्रवरूप हीलियम मुळातच ठेवायचे नाही, असे ठरले आहे. तिथे संवेदकाची चित्रबिंदुसंख्या ३६ वरून हजाराच्या पलीकडे न्यायची आहे, आणि अडचण पुन्हा उष्णतेच्या तिसऱ्या वाटेवर, म्हणजे तारांवर, येऊन ठेपते: प्रत्येक चित्रबिंदूला स्वतंत्र तारा दिल्या, तर ५० मिलिकेल्विनच्या टप्प्यावर इतकी उष्णता उतरेल की कोणताही क्षार ती पेलू शकणार नाही. म्हणून अनेक चित्रबिंदूंचे संकेत पाळीपाळीने एकाच तारेवरून वर आणण्याची, आणि ते अतिसंवाहक वर्धकांनी थंड भागातच वाढवून घेण्याची योजना आहे.