सुई टोचली की कॅन्सर 'चिडतो'?

दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर हे वर्षानुवर्षं ऐकतोय: "काका, तपासायला सुईने तुकडा काढतात ती बायोप्सी नको, सुई लागली की कॅन्सर पसरतो." प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, बाबतीत सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजणं अतिशय दुर्मीळ. साधारण 10-12 ठिकाणचे, दोऱ्याएवढे तुकडे काढतात. मग काही दिवस लघवीत रक्त दिसतं, आणि तिथेच लोकांचं धाबं दणाणतं. खरी जोखीम जंतुसंसर्गाची. थंडी-ताप आला तर लगेच डॉक्टर गाठा.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीतला आकडा, 4च्या वर म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. ग्रंथी नुसती वाढली, सुजली तरी तो चढतो. म्हणून तर तुकडा तपासतात. आणि हो, लघवी तुंबते म्हणून दुर्बिणीतून करतात ते ऑपरेशन वेगळं. कॅन्सरसाठी ऑपरेशन केलं, तर अख्खी ग्रंथीच काढतात.