ठेव विम्याचे बोधचिन्ह, पात्रता आणि दाव्याची प्रक्रिया

विमा संरक्षण असलेल्या प्रत्येक बँकेने ठेव विमा व पतहमी महामंडळाचे, म्हणजेच डीआयसीजीसीचे, बोधचिन्ह आणि क्यूआर कोड आपल्या संकेतस्थळावर व इंटरनेट बँकिंगच्या पोर्टलवर ठळकपणे दाखवावा, असे महामंडळाने रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून कळवले आणि त्यासाठी १ सप्टेंबर २०२३ ही मुदत ठरवून दिली. हा कोड स्कॅन केल्यावर महामंडळाचे संकेतस्थळ उघडते आणि विमा संरक्षित बँकांची यादी तेथे तपासता येते. जाहिरातीतला व्याजदर पाहून ठेव ठेवण्याआधी हे तपासलेच पाहिजे, कारण पतसंस्था व मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांतील ठेवींना हे संरक्षण मुळीच नाही, आणि काही सहकारी संस्था आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द लावतात म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जनतेला सावधही केले होते.

बचत, चालू, आवर्ती आणि मुदत अशा सर्व ठेवी पात्र आहेत. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख रुपये असून ती मुद्दल व व्याज मिळून आहे, ही बाब जाहिरातीत सहसा ठसठशीतपणे येत नाही, ती यायला हवी. मुद्दल ४,९०,००० आणि साचलेले व्याज ३०,००० असेल, तर संरक्षण ५,००,००० रुपयांनाच मिळते. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील एकाच व्यक्तीच्या ठेवी एकत्र मोजल्या जातात. बँक वेगळी असेल तर मर्यादाही वेगळी. पती-पत्नीचे संयुक्त खाते मात्र दोघांच्या वैयक्तिक खात्यांपासून स्वतंत्र धरले जाते. त्याच बँकेचे कर्ज थकले असेल, तर ते वळते करून उरलेली रक्कम मिळते.

रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध घातल्यास महामंडळाच्या सुधारित कायद्याचे कलम १८अ लागू होते. बँकेने ४५ दिवसांत ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यायची, महामंडळाने पुढील ३० दिवसांत ती पडताळायची आणि निर्बंधांपासून एकूण ९० दिवसांत रक्कम चुकती करायची, असा हा क्रम आहे. बँकेच्या विलीनीकरणाची योजना विचाराधीन असल्यास ही मुदत आणखी ९० दिवसांपर्यंत वाढू शकते.

ठेवीदाराने महामंडळाकडे थेट अर्ज करायचा नसतो. आपल्याच बँकेत दावा घेण्याची इच्छा असल्याचे लेखी संमतीपत्र, ओळखीचा अधिकृत पुरावा आणि रक्कम जमा करण्यासाठी दुसऱ्या बँकेतील खात्याचा किंवा आधारशी जोडलेल्या खात्याचा तपशील द्यायचा असतो. केवायसी जुनी असेल तर ती आजच अद्ययावत करून घ्यावी, कारण पडताळणी या कागदांवरच अवलंबून असते. विम्याचा हप्ता बँकच भरते. तो ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही.

बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात, म्हणजे बँक गुंडाळून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, गेल्यास ही प्रक्रिया पाहणारा अवसायक तीन महिन्यांत यादी सादर करतो आणि महामंडळ त्यानंतर दोन महिन्यांत रक्कम देते.